लिओनार्ड ऑयलर : खांबाचे बळ मोजणारा गणिती

घर बांधावयाचे झाले म्हणजे जाणता माणूस प्रथम खांबांचा विचार करतो. मधुबन धरणाच्या जलाशयाकाठी वसलेल्या आपल्या दुधनीच्या परिसरात जुन्या वळणाची घरे अजूनही पाहावयास मिळतात. कुडाच्या भिंती, वर कौलारू छप्पर आणि त्या साऱ्याचा भार आपल्या माथ्यावर घेऊन उभे असलेले लाकडी खांब. आखूड व जाड खांब निर्धास्त उभा राहतो. परंतु तेवढ्याच जाडीचा उंच खांब घेतला तर त्याचा भरवसा धरता येत नाही, हे ज्ञान आपल्या वाडवडिलांना अनुभवाने झालेले होते. मात्र खांब किती उंच केला असता त्याचे बळ नेमके किती घटते, आणि कोणत्या भाराखाली तो अकस्मात दगा देईल, हे केवळ अनुभवाने सांगता येत नाही. त्यास गणित लागते. हे गणित जगात प्रथम ज्यांनी मांडले, ते लिओनार्ड ऑयलर हे अठराव्या शतकातील थोर गणिती होत.

ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल या नगरीत झाला. वडील पॉल ऑयलर हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. लिओनार्डच्या जन्मानंतर लवकरच हे कुटुंब बाझलजवळच्या रीहेन या गावी राहावयास गेले आणि त्याचे बालपण तेथेच गेले. घरची स्थिती बेताची होती. परंतु घरात विद्येचा आदर होता. पॉल ऑयलर यांनी विद्यार्थिदशेत याकोब बेर्नुली या विख्यात गणितज्ञांची व्याख्याने ऐकलेली होती. लवचिक पट्टी वाकविली असता तिला कोणता आकार येतो, या प्रश्नाचा अभ्यास करणारे आरंभीचे गणिती ते हेच याकोब बेर्नुली. मुलाला गणिताचे पहिले पाठ वडिलांनीच दिले. पुढे वाकलेल्या पट्टीच्या त्याच प्रश्नातून त्या मुलाने खांबाचे गणित काढावे, हा एक विलक्षण योगायोग म्हणावा लागेल.

वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी, सन १७२० मध्ये, लिओनार्डने बाझलच्या विद्यापीठात प्रवेश घेतला. मुलाने आपल्यासारखेच धर्मोपदेशक व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलाचा ओढा मात्र गणिताकडे होता. याकोबचे धाकटे बंधू योहान बेर्नुली हे त्या वेळी तेथे प्राध्यापक होते. त्यांना स्वतंत्र शिकवणीस सवड नव्हती. तेव्हा त्यांनी लिओनार्डला कठीण ग्रंथ स्वतः वाचावयास सांगितले, आणि जेथे अडेल तेवढ्या शंका शनिवारी दुपारी येऊन विचाराव्यात, अशी मुभा दिली. गुरूंना फार त्रास होऊ नये म्हणून हा शिष्य आठवडाभर धडपडून आपल्या शंका स्वतःच सोडवू पाही आणि शनिवारी अगदी थोड्याच घेऊन जाई. स्वाध्यायाचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही. अखेर योहान बेर्नुलींनीच वडिलांची समजूत घातली आणि मुलाचा मार्ग मोकळा झाला.

सन १७२७ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने एक स्पर्धा ठेवली होती. जहाजावर डोलकाठ्या कोठे व कशा उभाराव्यात, हा तिचा विषय. समुद्रापासून शेकडो मैल दूर, डोंगराळ प्रदेशात वाढलेल्या या वीस वर्षांच्या तरुणाने केवळ गणिताच्या बळावर त्यावर निबंध लिहिला. पहिले पारितोषिक पिएर बूगे या नौकाशास्त्राच्या जाणकारास मिळाले; परंतु ऑयलरच्या निबंधाचाही अकादमीने गौरवाने उल्लेख केला. पुढे याच अकादमीची पारितोषिके त्यांनी बारा वेळा पटकाविली.

बाझलच्या विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळविण्याचा ऑयलर यांचा प्रयत्न फसला. तेव्हा त्याच वर्षी त्यांनी मायदेश सोडला आणि रशियाच्या राजधानीत, सेंट पीटर्सबर्ग येथे नव्याने निघालेल्या विज्ञान अकादमीत ते दाखल झाले. स्वित्झर्लंडला ते पुन्हा कधीच परतले नाहीत. सन १७३३ मध्ये योहान बेर्नुलींचे पुत्र डॅनियल बेर्नुली स्वदेशी परत गेले आणि अकादमीतील गणिताचे मुख्य आसन ऑयलर यांच्याकडे आले. दुसऱ्याच वर्षी कॅथरिना ग्झेल या चित्रकाराच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. त्यांना तेरा अपत्ये झाली. परंतु त्यांपैकी आठ बालपणीच दगावली. सन १७३८ मध्ये आजारपणानंतर त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. एवढी दुःखे भोगूनही त्यांच्या लेखणीस खंड पडला नाही. मूल मांडीवर आहे, भोवती बाकीची मुले खेळत आहेत आणि ऑयलर गणित मांडीत आहेत, असे त्यांच्या घरचे वर्णन केले जाते.

रशियात राजकीय अस्वस्थता वाढू लागली, तेव्हा सन १७४१ मध्ये प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या निमंत्रणावरून ऑयलर बर्लिनला गेले. तेथे त्यांनी पंचवीस वर्षे काढली. सन १७४४ मध्ये त्यांचा वक्ररेषांविषयीचा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. लवचिक पट्टी वाकताना ती आपल्या अंगी कमीत कमी ताण साठेल असाच आकार धारण करते, या दृष्टीने विचार करावा, असे डॅनियल बेर्नुलींनी त्यांना सन १७४२ मध्ये पत्राने सुचविले होते. त्या सूचनेचा धागा धरून ऑयलर यांनी ग्रंथाला एक परिशिष्ट जोडले. खांबाच्या बळाचा सुप्रसिद्ध नियम त्या परिशिष्टात आहे. पुढे सन १७५७ च्या बर्लिन अकादमीच्या अहवालासाठी त्यांनी खांबांच्या बळावर स्वतंत्र निबंध लिहून तोच नियम अधिक सुलभ रीतीने सिद्ध केला.

तो नियम काय सांगतो, हे आता पाहू. वेताची एक सरळ, बारीक छडी जमिनीवर उभी धरा आणि तिच्या माथ्यावर तळव्याने हळूहळू दाब द्या. प्रथम काहीच होत नाही. छडी सरळच राहते. दाब वाढत वाढत एका ठरावीक मर्यादेस पोचला की, ती एकदम बाजूस बाक घेते. छडी चिरडली नाही, तुटली नाही. केवळ तिने सरळ उभे राहणे सोडून दिले. ज्या भारास हे घडते त्यास क्रांतिक भार असे म्हणतात. भार त्याहून कमी असेल तर छडीला बाजूने किंचित धक्का दिला तरी ती पुन्हा सरळ होते. भार त्याहून अधिक झाला की लहानसा धक्काही तिला आडवी करण्यास पुरेसा होतो.

ऑयलर यांनी दाखविले की, हा क्रांतिक भार खांबाच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. दोन्ही टोके सारख्याच रीतीने धरलेली एक मीटर लांबीची छडी समजा चाळीस किलोग्रॅम भार सोसते. तर तशीच दोन मीटरची छडी वीस नव्हे, केवळ दहाच किलोग्रॅम सोसेल. आणि तीन मीटरची जेमतेम साडेचार. हॉलंडमधील मुशेनब्रुक या शास्त्रज्ञाने सन १७२९ मध्येच प्रयोगांती हे प्रमाण नमूद केले होते. ते तसेच का असावे, याचा उलगडा मात्र ऑयलर यांच्या गणिताने झाला.

खांब टोकांना कसा धरलेला आहे, हेही महत्त्वाचे ठरते. बुंधा जमिनीत घट्ट रोवलेला आणि माथा मोकळा असेल, तर दोन्ही टोके जागच्या जागी, परंतु बिजागरीप्रमाणे फिरती असलेल्या खांबाच्या मानाने त्याचे बळ एकचतुर्थांशच भरते. उलट दोन्ही टोके पक्की जखडली तर बळ चौपट होते. उंच खांबाच्या मध्यावर आडवा बांध घालून त्यास बाजूस सरकू दिले नाही, तर जणू निम्म्या उंचीचे दोन खांब एकावर एक ठेवल्यासारखे होऊन त्याचे बळ पुन्हा चौपट होते. इमारतीला रंग देण्यासाठी बांधलेल्या बांबूच्या परांचीला जागोजागी आडवे व तिरपे बांबू का बांधतात, हे यावरून ध्यानात येईल. तो एखादा आडवा बांबू निरुपयोगी समजून कोणी सोडून नेला, तर भार तिळमात्र न वाढताही परांची कोसळू शकते.

जाडीचा नियमही मनोवेधक आहे. गोल खांबाचा व्यास दुप्पट केला तर क्रांतिक भार सोळापट होतो. खांबाच्या पोटातील लाकूड बाक रोखण्याच्या कामी फारसे येत नाही. मध्यापासून दूर असलेलेच अधिक उपयोगी पडते. म्हणूनच पोकळ बांबू तेवढ्याच वजनाच्या भरीव काठीहून ताठ असतो. निसर्गाने हे गणित आपल्या रानातल्या बांबूच्या बेटात आधीच मांडून ठेवले आहे!

आणखी एक गोष्ट सामान्य समजुतीच्या अगदी उलट आहे. सडपातळ खांबाचा क्रांतिक भार त्याच्या पदार्थाच्या मजबुतीवर नव्हे, तर त्याच्या ताठपणावर अवलंबून असतो. साधे पोलाद आणि अधिक मजबूत पोलाद यांचा ताठपणा जवळजवळ सारखाच असतो. म्हणून फार सडपातळ खांबास महागडे पोलाद वापरल्याने काही लाभ होत नाही; त्याचा आकार तरी बदलावा लागतो किंवा त्यास मध्ये आधार तरी द्यावा लागतो. अमुक जातीचे लाकूड किती ताठ आहे हे मात्र कागदावरच्या गणिताने कळत नाही. त्याची पट्टी एका टोकाशी पक्की धरून, दुसऱ्या टोकास वजन टांगून ती किती लवते, हे पाहूनच ते ठरवावे लागते, हेही ऑयलर यांनी ओळखले होते.

बर्लिनमधील वास्तव्याचा शेवट सुखाचा झाला नाही. राजा फ्रेडरिकला वाक्चतुर दरबारी विद्वान प्रिय होते. साध्या राहणीचे, धर्मनिष्ठ ऑयलर त्याच्या मनास आले नाहीत. राजाच्या सान्सूसी येथील उपवनात उंच कारंजी उडविण्याची योजना होती. पंपाच्या हालचालीमुळे नळांत किती दाब निर्माण होईल, याचे गणित ऑयलर यांनी सन १७४९ मध्ये केले आणि नळ पुरेसे मजबूत हवेत, असा इशारा दिला. तो मानला गेला नाही. कारंजी काही उडाली नाहीत आणि पुढे राजाने दोष मात्र गणितशास्त्रावर ठेवला. सुरक्षिततेचा सल्ला देणाऱ्याच्या वाट्यास पुष्कळदा हेच येते.

सन १७६६ मध्ये सम्राज्ञी कॅथरिन हिच्या निमंत्रणावरून ऑयलर सेंट पीटर्सबर्गला परतले. थोड्याच काळात मोतीबिंदूने डाव्या डोळ्याचीही दृष्टी हिरावली. सन १७७१ मध्ये नगरात मोठी आग लागून त्यांचे घर भस्मसात झाले. पेटेर ग्रिम नावाच्या बाझलच्याच एका कारागिराने या अंध वृद्धास आगीतून बाहेर काढले. त्यांची बहुतेक हस्तलिखितेही वाचली. दोन वर्षांनी पत्नीचे निधन झाले. अशा आपत्तींत दुसरा एखादा खचून गेला असता. ऑयलर यांनी मात्र मुलांच्या व शिष्यांच्या हातून लेखन चालू ठेवले. अवघड आकडेमोड ते मनातल्या मनात करीत आणि निबंध तोंडी सांगत. त्यांच्या एकूण लेखनाचा जवळजवळ निम्मा भाग या अंधत्वाच्या काळातील आहे.

याच काळात इवान कुलिबिन या स्वयंशिक्षित रशियन कारागिराने नेवा नदीवर सुमारे तीनशे मीटर लांबीचा, एकाच कमानीचा लाकडी पूल बांधण्याची कल्पना मांडली आणि त्याची एकदशांश आकाराची प्रतिकृती उभारली. सन १७७६ मध्ये अकादमीच्या सभासदांसमोर तिची परीक्षा झाली आणि ती भारास उतरली. प्रत्यक्ष पूल पुढे झाला नाही. परंतु प्रतिकृतीवरून खऱ्या पुलाच्या बळाचा अंदाज कसा करावा, याचा सोपा नियम ऑयलर यांनी त्याच सुमारास लिहून ठेवला. वस्तू दसपट मोठी केली की तिचे वजन हजारपट होते, तिच्या अवयवांची जाडी मात्र क्षेत्रफळाच्या हिशेबाने शंभरपटच वाढते. म्हणून लहान प्रतिकृती टिकली यावरून मोठा पूल टिकेलच, असे अनुमान काढणे धोक्याचे असते.

खांबांचा प्रश्नही त्यांच्या मनातून गेलेला नव्हता. सन १७७८ च्या सुमारास, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी तो पुन्हा हाती घेतला. माथ्यावर काहीही भार नसताना केवळ स्वतःच्याच वजनाने उंच खांब वाकेल काय, हा तो प्रश्न. पहिल्या निबंधात गणिताचे उत्तर असे आले की, खांब कितीही उंच असला तरी तो आपल्या वजनाने वाकणार नाही. ऑयलर यांना हे उत्तर पटेना. अतिशय उंच व बारीक काठी आपल्याच भाराने लवते, हे कोणासही ठाऊक आहे. मग त्यांनी आपल्याच निष्कर्षाची उलटतपासणी घेणारा दुसरा निबंध लिहिला आणि तिसऱ्या निबंधात चूक सुधारून, अशा खांबाच्या उंचीला मर्यादा असते असे दाखविले. उंची दुप्पट करावयाची तर केवळ दुप्पट जाडी पुरत नाही, ती सुमारे २.८ पट करावी लागते, असे हे गणित सांगते. पुढे सन १८८१ मध्ये ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञाने डोलकाठ्या व वृक्ष किती उंच होऊ शकतील, याचे विवेचन याच दिशेने केले. ज्यांच्या शब्दावर साऱ्या युरोपातील विद्वान विश्वास ठेवीत, त्या अंध वृद्धाने आपले उत्तर वास्तवाशी जुळत नाही असे दिसताच ते बदलले, यातच त्यांचे खरे मोठेपण आहे.

१८ सप्टेंबर १७८३ हा त्यांच्या आयुष्याचा अखेरचा दिवस. त्या दिवशीही त्यांनी नातवाला गणिताचा पाठ दिला, नुकत्याच निघालेल्या विमानफुग्यांच्या गतीचे गणित केले आणि युरेनस या नव्या ग्रहाच्या कक्षेविषयी चर्चा केली. त्यानंतर मेंदूत रक्तस्राव होऊन त्यांचे देहावसान झाले. त्यांचे ग्रंथ व निबंध मिळून आठशेंहून अधिक भरतात. मृत्यूनंतरही अनेक वर्षे सेंट पीटर्सबर्गची अकादमी त्यांचे लेखन छापीतच होती.

ऑयलर यांच्या हयातीत खांबाच्या नियमाचा फारसा उपयोग झाला नाही. त्या वेळचे दगडी खांब एवढे जाड असत की, ते वाकण्यापूर्वीच चिरडले गेले असते. एकोणिसाव्या शतकात लोखंड आले आणि खांब सडपातळ झाले. मुंबईच्या काळा घोडा परिसरातील वॉटसन हॉटेलची इमारत या युगाची साक्षीदार आहे. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने आणला आणि १८६० नंतरच्या दशकात येथे जोडला. सन २००५ मध्ये तिच्या सज्जाचा काही भाग कोसळला. जुन्या सांगाड्याचा भरवसा किती धरावा, हा प्रश्न अशा प्रत्येक इमारतीपुढे आज उभा आहे.

येथे ऑयलर यांच्या नियमाची मर्यादाही जाणून घेतली पाहिजे. त्यांनी कल्पिलेला खांब अगदी सरळ, निर्दोष आणि बरोबर मध्यावर भार घेणारा आहे. प्रत्यक्षातला खांब थोडासा वाकडा असतो, भार थोडा बाजूस पडतो, लोखंड गंजून पातळ होते, लाकडास वाळवी लागते. फार आखूड खांब वाकण्याआधी चिरडतो, आणि मध्यम लांबीच्या खांबात दोन्ही प्रकार मिसळतात. म्हणून ऑयलर यांचा भार ही ओलांडता न येणारी वरची मर्यादा होय. सुरक्षित भार नेहमी तिच्या बराच खाली धरावा लागतो. काँक्रीटच्या बांधकामासाठी असलेल्या भारतीय मानकात खांबाची परिणामी लांबी त्याच्या जाडीच्या बारापटीहून अधिक झाली, तर तो सडपातळ समजून त्याचा वेगळा विचार करावा, असे सांगितले आहे. भार बरोबर मध्यावर आहे असे मानू नये, तो निदान २० मिलिमीटर तरी बाजूस आहे असे धरून चालावे, असाही त्यात दंडक आहे. माणसाच्या हातून होणाऱ्या लहानसहान चुकांना गणितात दिलेली ही जागाच आहे.

ही जागा न ठेवल्यास काय होते, हे कॅनडातील क्वेबेकच्या पुलाने जगास दाखविले. पुलाचा गाळा वाढविण्यात आला. परंतु त्यामुळे वाढलेल्या वजनाचा हिशेब वेळीच नीट केला गेला नाही. दाब घेणारे पोलादी अवयव बाक घेऊ लागल्याचे कामावरील लोकांनी पाहिले, त्याचे मापही घेतले. तो बाक अवयवांत पूर्वीपासूनच असावा, असेही काहींनी म्हटले. काम थांबविण्याचा निर्णय वेळेत पोचला नाही. २९ ऑगस्ट १९०७ रोजी काही क्षणांतच पूल कोसळला आणि ७५ कामगार प्राणास मुकले. बारीक खांब मोडण्यापूर्वी मोठा आवाज करीत नाही. तो केवळ किंचितसा बाक दाखवितो. तेवढी सूचना ज्यास ओळखता आली, त्याच्या हातून माणसे वाचतात.

मित्रहो, वर्गातील वर्ग आणि व्यस्त प्रमाण यांची उदाहरणे सोडविताना याचा उपयोग काय, असे तुमच्यापैकी अनेकांस वाटत असेल. आपल्या शाळेचे छप्पर, पाण्याची उंच टाकी, विजेचा खांब आणि मांडवाची मेढ यांना उभे ठेवणारे गणित हेच आहे. मांडवाचा एखादा खांब बाकलेला दिसला, परांचीचा एखादा आडवा बांबू निघालेला दिसला, तर त्याखालून निमूटपणे जाऊ नका. वडीलधाऱ्यांच्या ध्यानात आणून द्या. ज्यांना अखेरची सतरा वर्षे डोळ्यांनी जवळजवळ काहीच दिसत नव्हते, त्या ऑयलर यांनी खांबातला बाक बुद्धीने पाहिला. आपणास तर डोळे आहेत.